सुतकातला फुटबॉल

माझे काका गेले ते ऐन नाताळच्या दिवशी. वय झालेलं होतं, झोपेतच गेले, हाल झाले नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण "चांगलं मरण आलं हो" असंच म्हणत होता. मला मात्र मनातून त्यांचा रागच आला होता. चांगलं मरण कसलं डोंबलाचं? पुढच्या दहा दिवसांत आमच्या क्लबच्या चार मॅच होत्या, आणि हा माणूस पहिली मॅच सुरू व्हायच्या आधीच उठून गेला.

आमचा क्लब इंग्लंडच्या उत्तरेकडचा, बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावातला. नाव सांगत नाही. सांगितलं की फुटबॉल कळणारे माझ्याकडे दयेने बघतात आणि न कळणारे विचारतात, "म्हणजे तो लाल शर्टवाला का?" लाल शर्टवाला नाही. लाल शर्टवाले जिंकतात. आमचे हरतात, आणि हरून झाल्यावर प्रेक्षकांना टाळ्या वाजवून दाखवतात. तिकडे रिवाज असा की मोसमाच्या शेवटी तळाचे तीन क्लब खालच्या दर्जात ढकलून देतात. आमचा क्लब दर वर्षी त्या तिघांच्या आसपास घुटमळत असतो. त्यात नाताळ आला की सगळ्या देशाला सुट्टी, फक्त खेळाडूंना नाही. दर दोन-तीन दिवसांनी मॅच. काका म्हणायचे, मार्केट यार्डात गाड्या उतरतात तशा मॅच उतरतायत, एक खाली करेपर्यंत दुसरी दारात.

काकांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. आमचं मूळ घर धायरीचं. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, पण पहाटे उठून यार्डात जायचं काही त्यांनी सोडलं नाही. फुटबॉल त्यांच्या घरात आणला तो त्यांच्या मुलाने. कॉलेजात असताना त्याने हा क्लब निवडला, का ते देव जाणे. पुढे तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. मुलाशी फोनवर बोलायला काही विषय असावा म्हणून काका मॅच बघायला लागले. काही वर्षांनी मुलाचा नाद सुटला, त्याला लेकरंबाळं झाली, वेळ मिळेना. काकांचा सुटला नाही. मग जोडीला मी. लग्न होऊन कर्वेनगरला आले तरी शनिवारी संध्याकाळी स्कूटर काढून धायरी गाठायची, हा माझा नेम. घरी सांगायचं काकांची तब्येत बघून येते. त्यांची तब्येत ठणठणीत असायची, क्लबची तोळामासा.

काकू त्या वेळी तिथेच बसून मटार सोलत असायची. टीव्हीकडे पाठ. "उघडी ढोपरं घिऊन पळत्यात नुस्ती, कामं न्हाईत मेल्यांना," एवढंच तिचं फुटबॉलवरचं मत.

तर काका गेले आणि घरात सुतक लागलं. आमच्या भावकीत सुतक कडक. तळण नाही, गोड नाही, देवपूजा नाही, करमणूक नाही. काकांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, या सगळ्याची मुकादम. तिने आल्या आल्या टीव्हीवर चादर टाकली आणि रिमोट फळीवर ठेवला. काकांना शेवटचं हॉलमध्येच ठेवलं होतं, म्हणून दिवाही तिथेच लावला होता. दहा दिवस गेलेला माणूस त्या दिव्यापाशी असतो अशी आमच्याकडची समजूत. दिव्याच्या बरोबर समोर तो चादरीतला टीव्ही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सावडून आलो. संध्याकाळी हॉलमध्ये सगळे खाली मान घालून बसलेले, आणि एकदम फळीवरून जोरदार शिट्टी वाजली. पाठोपाठ हजारो माणसांचा आरडाओरडा. आत्या दचकून "आई गं!" म्हणाली. काकांचा फोन होता तो. मॅचची आठवण राहावी म्हणून त्यांनी चारी मॅचचे गजर लावून ठेवले होते, आणि गजराला आवाज लावला होता तो मैदानातला. बेंगळुरूहून आलेल्या चुलतभावाने धावत जाऊन तो बंद केला.

काकू भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत ती धड बोलली नव्हती. ती म्हणाली, "मॅच हाय."

आत्या तिच्याकडे बघायला लागली.

"त्येंची मॅच हाय. आन् त्ये हितंच हायत. तूच म्हनलीस न्हवं वन्सं, दहा दिस हितंच असत्यात?" काकूने दिव्याकडे बोट केलं. "मग काय चादरीकडं बघत बसत्याल व्हय?"

आत्या कात्रीत सापडली. माणूस इथे आहे म्हणावं तर टीव्ही लावणं भाग, आणि नाही म्हणावं तर दिवा कशाला? शेवटी तिने एक पळवाट काढली. सुतकातल्या माणसाने टीव्हीला हात लावायचा नाही. मग हात लावायचा कुणी? तर मी! सासरी गेलेल्या पुतणीला चुलत्याचं सुतक नाही, आंघोळ केली की सुटली. एरवी मला घरातून वजा करणारा हा नियम त्या दिवशी भलताच कामाला आला. मी चादर काढली, रिमोट घेतला आणि आमच्या गोत्राबाहेरच्या बोटाने टीव्ही लावला. आवाज मात्र बंद ठेवायचा, असं आत्याने बजावलं. "त्याला ऐकू येतंय की न्हाई कुनाला ठावं," ती म्हणाली. काका गेली काही वर्षं कानाने कमीच होते, त्यामुळे त्यांची काही गैरसोय झाली नसावी.

आम्ही कुणी मॅच बघत नव्हतो. काका बघत होते. आम्ही फक्त त्यांच्या मागे बसलो होतो.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, काकू हळूच मला म्हणाली, "त्यो शेंडीवाला का न्हाई आज? मागल्या बारीला मांडी धरून बसला हुता, बरी झाली न्हाई वाटतं." एवढी वर्षं पाठ करून मटार सोलणारी ही बाई! समोरच्या कपाटाच्या काचेत तिला अख्खा टीव्ही दिसायचा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात नऱ्ह्याच्या पाहुण्या भेटायला आल्या. आमच्याकडे बायका दारातूनच पदर तोंडाला लावून येतात, मग गळ्यात पडतात. नेमकी त्याच क्षणी आमच्या क्लबला पेनल्टी मिळाली. एक पाहुणी काकूच्या गळ्यात पडून हुंदके देत होती आणि काकूची नजर तिच्या खांद्यावरून थेट टीव्हीवर. पेनल्टी बारवरून गेली. काकूने "अरे द्येवा!" म्हणून कपाळावर हात मारून घेतला. पाहुण्यांनी ते बघितलं आणि त्यांना हुंदका आवरेना. आत्याही रडायला लागली. ती कशासाठी रडत होती, ते मी आजवर विचारलेलं नाही.

शेवटी शेवटी आमच्याच एकाने डोकं लावून गोल केला. मी दचकून सवयीने डावीकडे हात पुढे केला, काकांना टाळी द्यायला. डावीकडे सोफा रिकामा होता. मग मात्र मला रडू फुटलं. काका गेले त्या दिवसापासून मी रडले नव्हते, धावपळच होती. त्या गोलनंतर खूप वेळ रडले. काकूने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "जितलं न्हवं? मग गप."

ही बातमी भावकीत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या मॅचला भेटायला येणाऱ्यांची गर्दी उसळली. वर्षानुवर्षं बांधावरून भांडण असलेले, काकांच्या उंबऱ्याला पाय न लावलेले लोक पांढऱ्या टोप्या घालून अचूक सहाच्या ठोक्याला हजर. भेटायला आलेल्याने थोडं बसून उठायचं असतं. हे उठेनात. "असू द्या, वैनींना तेवढाच आधार," म्हणत भिंतीकडेने मांडी ठोकून बसले. चहा मात्र बिनसाखरेचा मिळेल, असं मी जाहीर केलं. तरी कुणी हललं नाही. मध्येच एका आजोबांनी आत्याला विचारलं, "गोल झाला तरी पंचानं दिला का न्हाई?" आत्या, जी टीव्हीकडे बघतच नव्हती, ती म्हणाली, "पुढं हुता ना त्यो. ऑफसाइड." ती मॅच बरोबरीत सुटली.

या सगळ्यात चुलतभाऊ आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचा. वाईट नाही तो. पण त्याने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. तेरावं झालं की आईला बेंगळुरूला न्यायचं, इथलं घर भाड्याने द्यायचं. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग, ओळखीचा डॉक्टर. "एकटी काय करणार ती इथे?" तो मला म्हणाला. मी म्हटलं, "तिला विचारलंस?" तो म्हणाला, "तिला काय विचारायचं? ती बघू म्हणते."

काकू खरंच 'बघू' एवढंच म्हणत होती. पण दुसऱ्या मॅचनंतर गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना तिने मला धरलं. "मला न्हाई जायाचं," ती म्हणाली. "बाराव्या मजल्यावर काय करू मी? त्यो हापिसात, सून हापिसात, पोरं साळंत. लिफ्टची बटनं मोजू? हे घर मी डोक्यावर पाटी घिऊन बांधलंय." तिने काढलेले कपडे माझ्या हातात कोंबले. "आन् त्यो घाटावर बोलनार हाय. कावळ्याम्होरं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही असं समजायचं. शिवला नाही तर एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा, तुमचं अमुक करू, तमुक करू. ज्या शब्दाला कावळा शिवला, ती काकांची इच्छा ठरली. मग ती मोडायची कुणाची छाती होत नाही. मुलगा म्हणणार "आईला माझ्याकडे नेतो", त्याच वेळी एखादा भुकेला कावळा येऊन चोच मारणार, आणि काकू जन्माची बाराव्या मजल्यावर.

"मग तू आत्ताच सांग ना त्याला सरळ," मी म्हटलं.

"सांगितलं असतं. पर भावकी म्हनंल, पोरगं न्यायला तयार हाय आन् म्हातारीला मिजास आलीया. त्येचंच नाक कापल्यावानी व्हईल." मुलाचं नाक जपायचं आणि आपलं घरही, असं तिला दोन्ही साधायचं होतं.

दहाव्याच्या दोन दिवस आधीची तिसरी मॅच आम्ही तीन-शून्य हरलो. भावकी मध्यंतरातच उठून गेली. चौथी मॅच होती दहाव्याच्याच संध्याकाळी, आणि ती हरलो तर तळाच्या तिघांत जाऊन बसणार होतो. त्या रात्री मला क्लबचीही काळजी लागली होती आणि काकूचीही. कुणाची जास्त, ते विचारू नका.

दहाव्याला घाटावर ही गर्दी. आमच्याकडे दहावा म्हणजे आधी प्रवचन आणि मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं. एका माजी नगरसेवकाने काकांचं सामाजिक कार्य सांगितलं. ते काकांना ठाऊक असतं तर त्यांनाही आवडलं असतं. तोवर पिंड मांडून झाले. पलीकडच्या झाडावर कावळे बसलेले, सकाळपासून तीन-चार दहावे झाल्यामुळे बहुतेक पोटं भरलेली. गुरुजी म्हणाले, "बोला, कुणाला काही शब्द द्यायचा असेल तर."

चुलतभाऊ पुढे झाला. हात जोडले. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "बाबा, आईची काळजी करू नका. आईला मी..."

झाडावरून एक कावळा खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर. मी काकूकडे बघितलं, तिचा चेहरा पांढराफटक. आणि त्याच वेळी माझ्या ओढणीवर एक माशी बसली. बसली असावी. मी ती ओढणी अशी काही झटकली की कावळा परत झाडावर. आत्याने माझ्याकडे वळून डोळे वटारले. मी म्हटलं, "माशा फार आहेत इथे."

भावाने सगळं पुन्हा सांगितलं, फ्लॅट, लिफ्ट, डॉक्टर. कावळे ढिम्म. आत्या म्हणाली, तुझ्या देवाचं मी करीन. ढिम्म. बांधावाले पुढे झाले आणि चक्क म्हणाले, बांधावरची भिंत आम्ही मागे घेतो. भावकीत कुजबुज झाली, पण कावळ्यांना त्याचं काही नव्हतं. ऊन चढायला लागलं. मग आत्याच मला म्हणाली, "तू सांग बाई त्याला त्याच्या मॅचचं. त्यातच जीव अडकला आसंल."

मी पुढे झाले. एवढ्या लोकांसमोर, माइकच्या शेजारी उभी राहून मी काकांना निकाल सांगितले. पहिली जिंकलो. दुसरी बरोबरी. तिसरी... इथे मी थांबले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "जितलो म्हना." पण काकांशी मी क्लबबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. "तीन-शून्य हरलो, काका. लाज वाटेल असं खेळले." एक कावळा उडाला, तो थेट नदीपलीकडे गेला. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, हे कशाला सांगितलंस त्यांना!"

गुरुजींनी घड्याळ बघितलं. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू आणि उरकू, असं ते म्हणायला लागले. तेवढ्यात काकू उठली. कुणाचाही हात न धरता पुढे आली, पदर नीट केला आणि पिंडासमोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली,

"अवो, ऐकताय न्हवं? मी कुठं जात न्हाई. हितंच ऱ्हानार, आपल्या घरात. सांजच्याला तुमची मॅच मी लावनार, तिथनं म्होरल्या समद्या मीच लावनार. घराला कुलूप पडनार न्हाई."

'कुलूप' म्हणतेय तोवर कावळा खाली. सरळ पिंडावर. चोच मारली, भाताचा घास उचलला आणि उडाला.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. लोकांनी हात जोडले. बायका रडायला लागल्या. आत्या तर हमसून हमसून रडली आणि भाच्याला म्हणाली, "बघ रं, तुझ्या बापाचीच इच्छा हाय. आता काय बोलायचं न्हाई." चुलतभावाने पिंडाला हात जोडले. मग येऊन आईच्या पाया पडला. त्याचं नाक शाबूत होतं. बापापुढे कुणाचं चालतं?

परतताना काकू माझ्या गाडीत बसली होती. काका येऊन गेले, आपलं ऐकून गेले, असंच मला वाटत होतं, आणि मी तिला तसं म्हटलंही. काकू खिडकीतून बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "त्यो निघालाच हुता की."

"कोण?"

"कावळा. मान खाली घातली, पंख सैल केलं, तवाच उठले मी. रोज सकाळी गच्चीत भाकरी टाकते, मला कळत न्हाई व्हय त्येंचं? तुझा काका बोंबलायचा न्हवं टीव्हीवर, बॉल पायात आल्यावर काय पळतूस, यायच्या आदी पळ. बसल्या बसल्या कानावर पडायचं."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. हसू येत होतं आणि रडूही. "आणि काकू, तो निघून दुसरीकडे वळला असता तर?"

"तर काय?" काकू म्हणाली. "पदर नीट करायला उठले हुते म्हनायचं आन् खाली बसायचं."